कुऱ्हाडीने राखलेली झाडी

इंग्लंडमध्ये शेतांच्या कडेला छोटी, दाट झाडी दिसते. तिला तिथले लोक 'कॉप्स' म्हणतात. हे 'कॉपिस' या शब्दाचं आटलेलं रूप. 'कॉपिस' जुन्या फ्रेंचमधून आला. 'तोडणे' या अर्थाचं फ्रेंच क्रियापद 'कूपे' त्याच घराण्यातलं. आणखी मागे गेलं तर लॅटिनमार्गे ग्रीक 'कोलाफोस'पर्यंत, म्हणजे चक्क थपडेपर्यंत पोहोचता येतं. झाडीच्या नावातच घाव आहे, आणि तो अगदी योग्य आहे.

हेझल, ॲश, लाइम ही झाडं जमिनीलगत तोडली तरी मरत नाहीत. शेंड्याकडून खाली उतरणारं ऑक्झिन हे संप्रेरक खोडावरचे डोळे निजवून ठेवतं. शेंडा गेला की हा अटकाव उठतो. मुळांचा जुना पसारा आणि त्यातला स्टार्चचा साठा शाबूत असतोच. त्या बळावर बुंध्यातून सरळसोट धुमारे फुटतात आणि नव्या रोपापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतात. उसाचा खोडवा राखणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उसाचा खोडवा मात्र काही वर्षांत उतरतो. इथे शतकं लोटतात. ग्लॉस्टरशायरमधल्या वेस्टनबर्ट वृक्षोद्यानात लाइमच्या फुटव्यांचं एक मोठं कडं आहे. ते सगळं मिळून एकच झाड असून त्याचं वय सुमारे २००० वर्षं असावं, असा अंदाज आहे.

माणसाला ही युक्ती फार लवकर उमगली. सॉमरसेटच्या दलदलीत 'स्वीट ट्रॅक' नावाची लाकडी पायवाट सापडली. तिच्या लाकडातली वाढीची वलयं मोजल्यावर ती इसवी सनापूर्वी ३८०७-०६च्या सुमारास बांधल्याचं कळलं. तीत वापरलेल्या लांब, सरळ काठ्या अशा फुटव्यांच्याच असाव्यात, असं अभ्यासक मानतात.

सफकमधल्या ब्रॅडफील्ड वनात ही तोड १२५२पासून चालू आहे. तेव्हा ते बरी सेंट एडमंड्सच्या मठाचं होतं. वनाचे तुकडे पाडून ते पाळीपाळीने तोडायचे, अशी ही रीत. तोडलेल्या तुकड्यात जमिनीपर्यंत ऊन पोहोचतं आणि सावलीत दबलेली प्रिमरोझची झाडं फुलून येतात. काही वर्षांनी फुटव्यांची जाळी दाट झाली की तिथे नाइटिंगेल घरटं बांधतो.

दगडी कोळसा आला, सरपणाची गरज घटली, आणि अशा कितीतरी वनांतली तोड थांबली. आपोआप वाढलेल्या गर्द सावलीत ही फुलं आणि पाखरं विरळ होत गेली. आज तोड पुन्हा सुरू केली, तरी हरणं कोवळे धुमारे कुरतडून टाकतात. म्हणून ताज्या तोडीभोवती फांद्यांचं उंच कुंपण घालावं लागतं. त्यासाठी लागणाऱ्या फांद्या त्याच तोडीतून मिळतात.