फिनलंडचा डिसेंबर : परतीच्या आधीचे काळोखे आठवडे

एका सत्राच्या विद्यार्थी-विनिमयावर फिनलंडला गेलेली आपली मुले-मुली ऑगस्टच्या अखेरीस तिथे पोचतात. तेव्हा रात्री आठपर्यंत उजेड असतो, रानात फळे पिकलेली असतात आणि घरी येणारे फोटो बघून आई-वडील निर्धास्त होतात. सत्र संपते डिसेंबरच्या मध्यावर. म्हणजे परीक्षा, प्रकल्प, खोली घासूनपुसून परत देणे, निरोप, बॅगा भरणे हे सगळे नेमके वर्षातल्या सर्वांत काळोख्या आठवड्यांत येते. आमच्याकडे येणारे फोनही बहुतेक याच आठवड्यांतले.

आम्ही म्हणजे काही परिचारिका. कोणी निवृत्त, कोणी नोकरीत, कोणी नोकरी सोडून वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या. बाहेर शिकायला गेलेल्या मुलांसाठी रविवारी आम्ही फोनवर बसतो. नोव्हेंबर उजाडला की फिनलंडच्या फोनचा सूर बदलतो. "ताई, आजारी नाही मी. पण उठवतच नाही." "ताई, दिवसभर भूक लागते, आणि पावच खावासा वाटतो." एका मुलीने सांगितले, "मी आळशी झाले असं वाटतं. घरी कसं सांगू?"

आधी काळोख किती, ते समजून घेऊ. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत दिवस जवळपास ११ तासांचा असतो. हेलसिंकीत तो सहा तासांहूनही कमी. सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनला मावळतो. तांपेरेला साधारण साडेपाच तास, औलूला साडेतीन, रोव्हानिएमीला दोनहून थोडे अधिक. अगदी उत्तरेच्या उत्स्योकीत तर सुमारे ५० दिवस सूर्य उगवतच नाही. या काळाला फिनिश भाषेत 'कामोस' म्हणतात. आणि आहे तो उजेडही ढगांतून गाळून आलेला. हेलसिंकीत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम सहा अंश वर असतो. नोव्हेंबरचे फिनिश नाव आहे 'मर्रासकू', म्हणजे मरणाचा महिना. दक्षिणेत तेव्हा धड बर्फही नसतो. असतो पाऊस, चिखल आणि अर्धवट वितळलेला गाळ. बर्फ पडला की त्याच्यावरून उजेड परावर्तित होतो आणि डोळ्यांना बरे वाटते. जुने विद्यार्थी म्हणतात की नोव्हेंबर डिसेंबरपेक्षा वाईट, ते यामुळेच.

हा काळोख शरीरात काय करतो, हे नाइट ड्युटी केलेल्या कोणत्याही सिस्टरला शिकवावे लागत नाही. डोळ्यांत शिरणाऱ्या सकाळच्या उजेडावर मेंदूतले घड्याळ रोज लावले जाते. अंधार पडला की मेलाटोनिन वाढते आणि झोप येते. उजेड झाला की ते कमी होते. सकाळी उजेडच मिळाला नाही तर घड्याळ मागे पडत जाते. आज एकला झोप, पुढच्या आठवड्यात दोनला, मग तीनला. उठायला अकरा-बारा. तोवर दिवसाचा अर्धा उजेड संपलेला. वॉर्डात सलग आठवडाभर रात्रपाळी केल्यावर आम्हालाही असेच व्हायचे. जेवणाची वेळ चुकायची, गोड खावेसे वाटायचे, कोणी बोलले तरी चिडचिड व्हायची. त्याला कोणी आळस म्हटले असते तर आम्ही ऐकून घेतले नसते.

थकवा, जास्त झोप, भात-पाव-गोडाची ओढ, वजन वाढणे, माणसांत नको वाटणे हे सगळे दर हिवाळ्यात ठरावीक काळी येते आणि वसंतात जाते, त्याला ऋतुजन्य नैराश्य म्हणतात. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले आणि उजेडानेच उपचार करून पाहिले. प्रत्येक थकलेल्या मुलाला हा आजार असतो असे नाही. पण दोन्हीकडे पहिला उपाय सारखाच आहे.

तो असा. दुपारी अकरा ते एकच्या दरम्यान रोज अर्धा तास बाहेर चालायचे. आभाळ भरलेले असले तरी. बाहेरचा मळभही खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड देतो; डोळ्यांना फसवता येते, मोजणाऱ्या यंत्राला नाही. फिनलंडमध्ये 'किर्कासवालो' नावाचे प्रखर दिवे मिळतात. १०,००० लक्सचा दिवा, सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास, चहा पिताना समोर ठेवायचा. त्याच्याकडे टक लावून बघायचे नाही. विकत घेणे परवडत नसेल तर वसतिगृहात कोणाकडे आहे का ते विचारावे. काही ग्रंथालयांतही असे दिवे ठेवलेले असतात. संध्याकाळी तो लावू नये, झोप आणखी लांबते. ज्यांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, किंवा कधी द्विध्रुवीय आजाराचे (उन्माद-नैराश्याचे) निदान झाले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरू नये. उन्मादाचा झटका येऊ शकतो.

ड जीवनसत्त्वाबद्दल घरोघरी गैरसमज आहेत, म्हणून थोडे सविस्तर. ऑक्टोबर ते मार्च या काळात फिनलंडच्या उन्हातून ते तयारच होत नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त ऊन लागते. म्हणूनच तिथे २००३ पासून दुधात आणि लावायच्या लोण्यासारख्या पदार्थांत ड जीवनसत्त्व घालतात. २०१० मध्ये ते प्रमाण दुप्पट केले. आता १०० ग्रॅम दुधात एक मायक्रोग्रॅम, म्हणजे पेलाभर दुधात दोन. मोठ्या माणसाची रोजची गरज धरली आहे १० मायक्रोग्रॅम. जे दूध पीत नाहीत, मासे खात नाहीत, त्यांनी हिवाळाभर १० मायक्रोग्रॅमची साधी गोळी घ्यावी. ती किराणा दुकानातही मिळते. (पॅरासिटामॉल मात्र फक्त औषधाच्या दुकानात, म्हणजे 'अप्तेक्की'त. आपल्याकडच्यासारखे टपरीवर मागाल तर मिळणार नाही.)

आपल्याकडे मिळणारी ६०,००० युनिटची पुडी ही वेगळी गोष्ट. १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट. एक पुडी म्हणजे पाच महिन्यांचा डोस एकदम. कमतरता तपासून, डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच ती घ्यायची. बॅगेत दहा पुड्या भरून देणारे आई-वडील आम्ही पाहिलेत. थकवा वाटतो म्हणून रोज घेतली तर रक्तातले कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान लागते, आणि मूत्रपिंडाला इजा होते.

आता विदर्भातल्या वाचकांसाठी खास. सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात किती आहे, हे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडच्या कुटुंबांना माहीत आहे. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. 'एएस' वाहक असणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण 'एसएस' ग्रस्त मूल फिनलंडला गेले असेल, तर थंडी, कमी पाणी पिणे, ताप, जागरण आणि दारू या पाचही गोष्टी वेदनेचा झटका आणणाऱ्या आहेत, आणि शेवटच्या आठवड्यांत पाचही एकत्र येतात. निरोपाच्या पार्टीत सगळे सौनात बसतात. फिनलंडमध्ये साधारण ३० लाख सौना आहेत, लोकसंख्या ५६ लाख. सौनाशिवाय निरोप होत नाही. गंमत म्हणून तिथून थेट गोठलेल्या तळ्यात पाडलेल्या भोकात बुडी मारायची. ही बुडी एसएस ग्रस्त मुलाने मारायची नाही. मित्र हसले तरी नाही. सौनातही डॉक्टरांना विचारूनच जावे, आणि भरपूर पाणी प्यावे.

अशा मुलाने हिमोग्लोबिन तपासणीचा इंग्रजी अहवाल, हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर त्याची मात्रा, लसींची नोंद आणि रक्तगट एकाच कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. तिथल्या तातडीच्या विभागातल्या डॉक्टरने असा रुग्ण क्वचितच पाहिलेला असेल. 'मला सिकलसेल आहे, ताप आहे, छातीत दुखते' एवढे स्पष्ट सांगता आले पाहिजे. ताप आणि छातीतले दुखणे घेऊन सकाळपर्यंत थांबायचे नाही. तातडीचा क्रमांक ११२. रुग्णालयात जावे की नाही हे विचारण्यासाठी ११६११७.

शरीराचे एवढे. पण फोनवर आम्हाला खरी काळजी वाटते ती गप्प मुलांची.

वस्तीतून परदेशी जाणारे पहिलेच मूल. जाताना चौकात फ्लेक्स लागलेला, विहारात सत्कार झालेला, मामाने बॅग घेऊन दिलेली, शेजारच्या काकूंनी चटणी बांधून दिलेली. अशा मुलीने 'मला इथे रडू येते' हे कोणाला सांगायचे? ती सांगत नाही. व्हिडिओ कॉल टाळते, 'नेट नाही' म्हणते, जुने फोटो पाठवते. तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या गटात जावे तर काही ठिकाणी पहिल्या पाच मिनिटांत आडनावाची चौकशी होते, म्हणून तिकडेही जात नाही. फिनिश माणसे स्वभावाने कमी बोलणारी. ती तुच्छता नसते, पण नोव्हेंबरच्या अंधारात ती तशी वाटते. डिसेंबरपर्यंत सोबतचे विनिमयवाले एकेक करून निघून जातात आणि स्वयंपाकघर रिकामे होते.

यात ६ डिसेंबर येतो. १९१७ मध्ये याच तारखेला फिनलंड स्वतंत्र झाला. संध्याकाळी सहा ते आठ खिडकीत दोन मेणबत्त्या लावायची त्यांची रीत आहे. रस्ताभर खिडक्या उजळलेल्या असतात. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी आपली मुलगी तिथे एकटी मेणबत्ती लावते, आणि शेजारच्या बाईंना वाटते ही आपलाच सण पाळते. एका मुलीने गेल्या वर्षी त्या बाईंना दार वाजवून खरे काय ते सांगितले. बाईंनी तिला आत बोलावले, गरम मसाल्याचा ग्लोगी दिला, आणि चैत्यभूमीचे फोटो मोबाइलवर बघत दोघी तासभर बसल्या. आम्ही आता प्रत्येकाला सांगतो : त्या दिवशी खोलीत एकटे राहू नका. शेजाऱ्याला सांगा, नाहीतर आम्हाला फोन करा. (आणि मेणबत्ती विझवूनच झोपा.)

घरच्यांनी काय करायचे? ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर फिनलंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिथे साडेपाच, अंधार पडून दोन तास झालेले. त्यापेक्षा दुपारी दोनला फोन करा. तिथे साडेदहा वाजलेले असतात. फोनमुळे ती उठेल आणि उजेडात बाहेर पडेल. 'तिकडेच नोकरी मिळते का बघ' हे डिसेंबरमध्ये विचारू नका. काय जेवलीस, आज बाहेर गेली होतीस का, कोणाशी बोललीस, एवढे विचारा. सलग दोन आठवडे उत्तरे तुटक असतील, ती अंघोळ-जेवण सोडत असेल, स्वतःच्या वस्तू वाटून टाकत असेल, 'मी तुम्हाला ओझं आहे' असे म्हणत असेल, तर सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट मनावरचा भार हलका होतो. उत्तर हो असेल तर फोन ठेवू नका. दुसऱ्या फोनवरून तिथल्या मित्राला तिच्या खोलीवर पाठवा आणि ११२ ला कळवायला सांगा. फिनलंडमधली मिएली ही मानसिक आरोग्याची संस्था इंग्रजीतूनही फोनवर आधार देते. भारतात आल्यावर टेलिमानस, १४४१६.

निघण्याआधीची कामे थोडक्यात. आरोग्य विम्याची मुदत विमानाच्या तारखेपर्यंत आहे ना, ते बघा. सत्राच्या शेवटच्या दिवसाला ती संपत असेल तर मधले दिवस उघडे राहतात. दात दुखत असेल तर तिथेच दाखवा. तिथे काही उपचार झाले असतील तर त्याची इंग्रजी नोंद मागून घ्या. नैराश्यावरची गोळी चालू असेल तर 'आता घरी चाललो' म्हणून एकदम बंद करू नका. महिनाभराचा साठा आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. रस्त्यावर परावर्तक पट्टी लावूनच चाला. आणि गोठलेल्या तळ्यावर डिसेंबरमध्ये पाय ठेवू नका. वरून घट्ट दिसते, पण खाली बर्फाचा थर पातळ असतो.

घरी आल्यावर आणखी एक फेरा असतो. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या गुलाहॉर्न दांपत्याने लिहून ठेवले की परदेशातून परतलेल्याचे मन घरी आल्यावर पुन्हा एकदा खाली जाते. तिथे रुळायला जसा वेळ लागला तसा इथेही लागतो. शिवाय ते मागे पडलेले घड्याळ. तिथे पहाटे तीनला झोपणारी मुलगी इथे सकाळी साडेसहाला झोपेल आणि दुपारी अडीचला उठेल. परतीच्या आधीचे आठ-दहा दिवस रोज अर्धा तास लवकर उठून तो दिवा किंवा बाहेरचे चालणे केले तर हे बरेच सोपे जाते. चार महिने साधे पाणी-साधे जेवण खाल्लेल्या पोटाला पहिल्या दिवशी वडापाव आणि मटण एकदम देऊ नका.

विहारातला सत्कार दोन आठवड्यांनी ठेवा. तोवर पाहुणे थोपवून धरा, रात्री दहाला तिच्या खोलीतला दिवा बंद करा, आणि सकाळी सातला तिला उठवून चहाचा कप हातात देऊन अंगणातल्या उन्हात बसवा.