पाण्याला न शिवता पाण्याचे माप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यात सांगलीकर उठल्याबरोबर विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ मध्ये कृष्णेचे पाणी ५३ फुटांवर गेले, तर ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांवर. सामान कधी हलवायचे, गोठ्यातली जनावरे कधी सोडायची, हे सारे या एका आकड्यावर ठरते.

पूर्वी हा आकडा फक्त रंगवलेल्या पट्टीवरून वाचत. रात्रीच्या धो धो पावसात मात्र पट्टी नीट दिसत नाही, आणि पाण्यात ठेवलेले मापक वाहत येणाऱ्या ओंडक्यांनी मोडतात. म्हणून आता कृष्णा-भीमा खोऱ्यांत रडारचे संवेदकही वापरले जातात.

हा संवेदक पुलावरून बाहेर काढलेल्या दांडीवर, तोंड खाली करून बसवतात. त्याची रेडिओलहर पाण्यावर आपटून परत येते. पाणी १५ मीटर खाली असेल तर या जाण्यायेण्याला सेकंदाचा एक कोटीवा भाग पुरतो. एवढा सूक्ष्म वेळ मोजणे अवघड. त्यामुळे अनेक रडार लहरीची कंपनसंख्या सतत वाढवत नेतात. परतलेली लहर आधी निघालेली असल्याने तिची कंपनसंख्या थोडी कमी असते. या फरकावरून अंतर निघते. संवेदकाच्या उंचीतून ते वजा केले की पातळी मिळाली!

ध्वनिलहरींनीही असे मोजता येते. पण हवेचे तापमान १० अंशांनी बदलले आणि त्याची दुरुस्ती केली नाही, तर १५ मीटरमागे सुमारे २५ सेंटीमीटरची चूक होते. रडारला ही अडचण जवळजवळ नाही.

सेंटीमीटरची एवढी काळजी कशाला? सातारा जिल्ह्यातल्या कोयना धरणाचा भरलेला जलाशय सुमारे ११५ चौरस किलोमीटर पसरतो. त्यावरचा एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ११५ कोटी लिटर पाणी. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि धरणातून सोडलेले पाणी पुढे सांगलीला पोचते.

तरीही एक गोष्ट विसरू नये. दांडी वाकली, किंवा संवेदकाचा शून्य पट्टीच्या शून्याशी जुळवला नाही, तर यंत्र दर वेळी तेवढीच चूक करत राहील. म्हणून पट्टी वाचणारा माणूस अजूनही हवाच. दोन्ही आकडे जुळले, तरच ‘घर सोडा’ या सूचनेवर लोक विश्वास ठेवतील.