टाके किती वाढवायचे?

क्रोशाचा गोल रुमाल पाहिला नाही, असा विद्यार्थी सापडणे कठीण. टीव्हीवर, फडताळावर, पाण्याच्या तांब्यावर तो कुठे ना कुठे असतोच. दाराचे तोरण, बाळाचे टोपडे, ब्लाऊजच्या बाहीची लेस ही त्याचीच भावंडे. हा रुमाल टेबलावर अगदी सपाट कसा बसतो, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. विणणाऱ्या बाईला मात्र तो प्रत्येक फेरीला सोडवावा लागतो.

क्रोशाला आकडीची एक सुई आणि दोरा एवढेच लागते. दोऱ्याच्या एका फासातून दुसरा फास ओढून घेतला की साखळी होते. खालच्या फेरीत सुई घालून विणलेला ठेंगणा टाका म्हणजे मुका खांब. याची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असते. सुईला आधी दोऱ्याचा एक वेढा देऊन विणले तर उंच टाका मिळतो, तो खांब. त्याची उंची रुंदीच्या सुमारे दुप्पट भरते. चार-सहा साखळ्यांचे कडे करायचे, त्यात पहिली फेरी विणायची आणि मग बाहेर बाहेर जायचे, ही गोल मोटिफची रीत.

आता थोडे गणित करू. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या २π पट असतो. एक फेरी विणली की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते. म्हणजे परीघ त्या उंचीच्या २π पट, सुमारे ६.२८ पट वाढला पाहिजे. ही वाढ चकती किती मोठी आहे यावर अवलंबून नाही. चौथी फेरी असो की चाळिसावी, वाढ तेवढीच. म्हणून मुक्या खांबांच्या चकतीत दर फेरीला सुमारे ६ टाके वाढवतात, तर खांबांच्या चकतीत सुमारे १२. चौरस मोटिफमध्ये मध्यापासून बाजूपर्यंतचे अंतर जेवढे वाढते, त्याच्या ८ पट परिमिती वाढते. त्यामुळे भरीव चौरसात दर फेरीला १६ खांब, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात ४ वाढवावे लागतात. हे आकडे पिढ्यानपिढ्या हातांना पाठ आहेत, आणि त्यांच्या पोटात π दडलेला आहे.

लेसमध्ये भरीव भागापेक्षा जाळी जास्त असते. तिथे साखळ्यांचीही लांबी हिशेबात धरावी लागते. दोन खांबांमध्ये २ साखळ्यांऐवजी ३ घेतल्या तरी परीघ वाढतो. हिशेबात थोडी चूक झाली तर रुमाल खळीच्या पाण्यात बुडवून, टाचण्यांनी ताणून वाळवला की ती झाकली जाते. मोठी चूक मात्र खळीलाही आवरत नाही.

चूक मुद्दाम केली तर काय होईल? मुक्या खांबांची चकती विणता विणता टाके वाढवणे एकदम थांबवले, तर कडा उभी राहते आणि डब्याची भिंत तयार होते. वाढ हळूहळू कमी करत नेली, तर घुमट होतो. बाळाचे टोपडे असेच घडते. उलट, प्रत्येक टाक्यात दोन टाके विणत गेलो तर संख्या ६, १२, २४, ४८, ९६ अशी जाऊन सहाव्या फेरीला १९२ होते. सपाट चकतीत तिथे ३६ टाके असतात. एवढा परीघ त्या जागेत मावत नाही, म्हणून तो वरखाली वळतो आणि झालर होते.

टोपडे, रुमाल आणि झालर हे तीन वेगळे पृष्ठभाग आहेत. गणिताच्या भाषेत टोपड्याच्या घुमटाची वक्रता धन, रुमालाची शून्य आणि झालरीची ऋण. जर्मन गणिती गाउस याने १८२७ साली दाखवले की, पृष्ठभाग नुसता वाकवून ही वक्रता बदलत नाही. त्यासाठी तो कुठेतरी ताणावा किंवा आकसावा लागतो. नारळाला कागद गुंडाळताना चुण्या पडतात त्या यामुळेच. मोदकाची पारी वर गोळा करताना जास्तीचा परीघ आपण कळ्यांमध्ये जिरवतो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हाच प्रश्न प्रेसशॉपमध्ये भेटतो. तिथे सपाट पत्र्यापासून खोलगट सुटे भाग काढतात. समजा, २० सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या चकतीपासून १० सेंटिमीटर व्यासाचे भांडे काढायचे आहे. चकतीच्या कडेचा परीघ ६२.८ सेंटिमीटर, तर भांड्याच्या तोंडाचा ३१.४. निम्मा परीघ जायचा कुठे? धातू आतल्या आत दाबला जाऊन आकसतो, आणि मोकळीक मिळाली तर कडेला सुरकुत्या पडतात. म्हणून पंच खाली येताना कडा वरून दाबून धरतात. दाब कमी पडला तर सुरकुत्या, जास्त झाला तर पत्रा फाटतो. क्रोशा विणणारी बाई नको असलेला परीघ मुळातच विणत नाही. पत्र्याच्या बाबतीत तो आधीच असतो, त्यामुळे जोर लावून कमी करावा लागतो. एकाला आपण तंत्रज्ञान म्हणतो आणि दुसऱ्याला फावल्या वेळातला छंद. दोघांचा हिशेब मात्र एकच आहे.

तो छंद गणिताच्या वर्गातही पोचला आहे. मूळच्या लॅटव्हियाच्या गणिती दाइना ताइमिन्या यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९७ साली सतत ऋण वक्रता असलेल्या पृष्ठभागाची प्रतिकृती क्रोशाने विणली. त्याआधीच्या कागदी प्रतिकृती लवकर फाटत. दोन सुयांच्या विणकामात टाक्यांची संख्या आवरेना. क्रोशात एका वेळी बहुधा एकच फास सुईवर असतो. या पृष्ठभागावर दिलेल्या रेषेला न छेदणाऱ्या अनेक रेषा एकाच बिंदूतून जातात. युक्लिडच्या भूमितीत न बसणारी ही गोष्ट विद्यार्थी कापडाला घड्या घालून पाहू शकतात.

वर्गात करून पाहण्यासाठी जाड दोरा, सुई आणि क्रोशा येणारी एखादी पालक किंवा आजी एवढे पुरे. कार्यानुभवाचा आणि भूमितीचा तास जोडून घ्या. तिन्ही नमुने ६ मुक्या खांबांनी सुरू करून सहा-सहा फेऱ्या विणा. पहिल्यात दर फेरीला ६ टाके वाढवा. दुसऱ्यात तिसऱ्या फेरीनंतर वाढ थांबवा. तिसऱ्यात दर फेरीला टाके दुप्पट करा. प्रत्येक फेरीची संख्या फळ्यावर लिहा आणि फेरीचा क्रमांक विरुद्ध टाक्यांची संख्या असा आलेख काढा. मग चौथा नमुना पाठीमागे लपवून त्याचे फक्त आकडे सांगा आणि आकार कसा असेल, हे विद्यार्थ्यांना ओळखायला लावा. विणून दाखवायला आलेल्या आजींनाही उत्तर विचारा. त्या बहुधा आलेख न काढताच सांगतील. त्यांनी ते कसे ओळखले, हे मुलांनी त्यांच्याकडूनच समजून घ्यावे.