भुतांचा शो हाऊसफुल्ल!

जिभेचा वॉर्म-अप करायचाय? म्हणा: फँ-टॅझ-म-गो-रि-या! जीभ जागेवर आहे ना? मग चला, भुतं बघायला!

माहीत आहे का, या शब्दाच्या पोटातच भूत बसलंय? ग्रीकमध्ये 'फान्तास्मा' म्हणजे भूत. शेपटातल्या 'गोरिया'त काही जणांना 'अगोरा', म्हणजे सभा दिसते. थोडक्यात, भुतांची आमसभा! कोरमचं टेन्शनच नाही.

माहीत आहे का, हे नाव शो-बिझनेसमधून आलंय? डिसेंबर १७९२, पॅरिस. फिलिडोर नावाच्या जादूगाराने आपल्या भुतांच्या खेळाची जाहिरात याच नावाने केली.

सुपरहिट केला मात्र रॉबर्टसनने. साल १७९९, लोकेशन एक ओसाड मठ! मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरचं चित्र पडद्यावर पाडणारा दिवा, पडद्यामागे, तीही चाकांवर. ती मागे सरकवली की भूत मोठं मोठं होत थेट अंगावर! झूमचं बटण नव्हतं हो, ढकलगाडी होती.

हा रॉबर्टसन फिजिक्सवाला! १८०३ मध्ये हॅम्बुर्गहून बलूनमधून आभाळातही जाऊन आला. पॅरिसमधल्या त्याच्या थडग्यावरसुद्धा भुतं आणि घाबरलेलं पब्लिक कोरलंय. मेल्यावरही शो चालूच!

आणि आपलं कल्याण? १८९०च्या दशकात महादेव पटवर्धन मॅजिक लँटर्नवर रामायण-महाभारत दाखवायचे. नाव भारदस्त: 'शांबरिक खरोलिका'! तिकडे भुतं, इकडे देव. दिव्याला काय, सगळे सारखेच.

शब्द मग सिनेमातही शिरला! १९०८ साली फ्रेंच व्यंगचित्रकार एमिल कोलने सुमारे ७०० चित्रं काढून 'फँटॅझमगोरी' ही कार्टून फिल्म केली. लांबी? दोन मिनिटंसुद्धा नाही. रीलच्या जमान्याआधीचं रील!

माहीत आहे का, गिफ्टवरचा चकचकीत सेलोफेनही याच खानदानातला? 'फान्तास्मा' आणि सेलोफेनमधला 'फेन', दोघांचं मूळ ग्रीक क्रियापद 'फाइनेइन', म्हणजे दाखवणं. फँटम आणि फँटसी ही सख्खी भावंडं.

आता क्लायमॅक्स! या 'फाइनेइन'चं संस्कृतातलं भावंड म्हणजे 'भा' धातू. त्याच्या घरात आभा, प्रभा आणि चक्क... भास! आपलं 'भूत' मात्र 'भू' धातूचं, म्हणजे होऊन गेलेलं. ग्रीकांचं भूत दिसतं म्हणून भूत, आपलं होतं म्हणून भूत!

तेव्हा रात्री खुंटीवरचा सदरा हललाच, तर स्वतःला समजवा: भूत नाही, भास आहे. फक्त ग्रीकांना विचारू नका. त्यांच्याकडे दोन्हींना एकच शब्द!