स्प्रिंट नियोजन

संगणकाची आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर तयार करण्याच्या स्क्रम या पद्धतीत, कामाच्या प्रत्येक ठरावीक कालखंडाच्या प्रारंभी संपूर्ण गटाने एकत्र बसून करावयाची आखणी. या कालखंडास स्प्रिंट म्हणजे लहान पल्ल्याची धाव म्हणतात. तो जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो. दोन आठवड्यांचा कालखंड विशेष रूढ आहे. त्याची मुदत वाढवीत नाहीत.

पूर्वापार पद्धतीत गरजांची नोंद, आराखडा, लेखन व चाचणी हे टप्पे एकामागून एक पुरे होत. त्यामुळे प्रारंभीच्या आखणीतील चूक बहुधा शेवटी, दुरुस्ती अतिशय महाग झाल्यावर उघडकीस येई. हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये, रग्बीच्या संघाप्रमाणे एकजुटीने पुढे सरकणाऱ्या गटाची कल्पना नव्या उत्पादनांच्या विकासासाठी मांडली. ‘स्क्रम’ ही संज्ञाही त्याच खेळातील होय. जेफ सदरलँड व केन श्वाबर या अमेरिकन तज्ञांनी १९९५ मध्ये ऑस्टिन (टेक्सस) येथील परिषदेत आज्ञावलीच्या क्षेत्रासाठी स्क्रम पद्धती मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये स्नोबर्ड (युटा) येथे १७ तज्ञांनी तयार केलेल्या ॲजाइल जाहीरनाम्यावर या दोघांच्याही सह्या आहेत.

या दोघांच्या स्क्रम मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीनुसार नियोजनात तीन प्रश्नांची उत्तरे शोधावयाची असतात : हा कालखंड मोलाचा का, त्यात काय पुरे करता येईल आणि ते कसे करावयाचे. पहिल्याचे उत्तर म्हणजे स्प्रिंटचे उद्दिष्ट. दुसऱ्यासाठी प्रॉडक्ट बॅकलॉग या अग्रक्रमाने लावलेल्या यादीतून कामे निवडतात. यादीचा क्रम ठरविण्याचा अधिकार प्रॉडक्ट ओनरचा असतो. मात्र किती काम घ्यावयाचे, हे ते प्रत्यक्ष करणारेच ठरवितात. तिसऱ्यासाठी निवडलेल्या कामांचे बहुधा एका दिवसात किंवा त्याहून कमी वेळात होणारे भाग पाडतात. एक महिन्याच्या स्प्रिंटच्या नियोजनास कमाल आठ तासांची मर्यादा आहे.

कामाचे आकारमान पुष्कळ गट तासांऐवजी सापेक्ष गुणांत मोजतात. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये सुचविलेल्या प्लॅनिंग पोकर पद्धतीत प्रत्येक जण आपला अंदाज दर्शविणारे पान इतरांबरोबर एकाच वेळी उघड करतो. त्यामुळे ज्येष्ठाच्या मताचा दाब इतरांवर पडत नाही आणि अंदाजांत मोठी तफावत आढळल्यास कामाविषयीचा गैरसमज चर्चेत स्पष्ट होतो.

किती काम घ्यावे, याचा आधार पूर्वी खरोखर पुरे झालेले काम हा होय. समजा, पाच जणांच्या गटाने मागील तीन स्प्रिंटमध्ये अनुक्रमे २४, १८ व २१ गुणांचे काम संपविले. सरासरी २१ येते. दहा दिवसांच्या पुढील स्प्रिंटमध्ये एक जण पाच दिवस रजेवर असल्यास ५० ऐवजी ४५ मनुष्यदिवस उपलब्ध होतात आणि अपेक्षा सुमारे १९ गुणांवर आणावी लागते. हे गुण प्रत्येक गटाच्या स्वतःच्या मापाचे असल्याने दोन गटांची तुलना त्यांवरून करणे गैर ठरते.

वरिष्ठांच्या आग्रहाखातर कुवतीबाहेर काम स्वीकारले, तर मुदत स्थिर असल्याने काटछाट बहुधा चाचणीत होते. दोष दडून राहतात व पुढील स्प्रिंटचा वेळ त्यांच्या दुरुस्तीत खर्ची पडतो. २०११ मध्ये मार्गदर्शिकेत निवडलेल्या कामासाठी ‘वचन’ या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘पूर्वानुमान’ या अर्थाचा शब्द घेण्यात आला. सांप्रत वचनबद्धता उद्दिष्टापुरती मानतात. अडचण उद्भवल्यास उद्दिष्टाला बाध न आणता कामांची व्याप्ती प्रॉडक्ट ओनरशी विचारविनिमय करून बदलता येते. उद्दिष्टच कालबाह्य झाल्यास स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार केवळ त्यालाच असतो. म्हणून परस्परांशी संबंध नसलेल्या कामांची नुसती जंत्री हे यशस्वी नियोजन नव्हे. काय सोडून दिले तरी चालेल, हे ज्यावरून ठरविता येते असे स्पष्ट उद्दिष्ट त्यात असावे लागते.