जुन्या दणकट लॅपटॉपची टचस्क्रीन लिनक्सवर कार्यान्वित करताना

धूळ, ओलावा आणि धक्के सहन करण्यासाठी बनविलेले दणकट लॅपटॉप दीर्घकाळ टिकतात. त्यांची मूळ कार्यप्रणाली कालबाह्य झाली, तरी लिनक्सच्या साहाय्याने प्रक्षेत्रावरील प्रयोगांच्या नोंदी घेण्यासाठी त्यांचा उपयोग करता येतो. लिनक्स स्थापित केल्यानंतर टचस्क्रीन प्रतिसाद देत नसेल, तर ती नादुरुस्त समजून संगणक मोडीत काढण्याची घाई करू नये. अनेकदा दोष पडद्यात नसतो. संगणकाला पडद्याची ओळख पटलेली नसते.

ओळख का पटत नाही?
यूएसबी उपकरण जोडताच स्वतःचा प्रकार संगणकास कळविते. जुन्या दणकट लॅपटॉपमधील टचस्क्रीन मात्र अनेकदा आतून पीएस/2 किंवा सिरियल पोर्टला जोडलेली असते. सिरियल पोर्ट केवळ बाइट वाहून नेतो. पलीकडे कोणते उपकरण आहे, हे तो सांगत नाही.

काय करावे?
1. प्रथम मॉडेल तपासावे. पॅनासॉनिक टफबुक सीएफ-18, सीएफ-28 व सीएफ-29 यांची नावे लिनक्स कर्नलच्या 'लाइफबुक' ड्रायव्हरमध्ये नोंदविलेली आहेत. बायोसमधील नाव जुळल्यास हा ड्रायव्हर आपोआप निवडला जातो. सीएफ-18 च्या काही संचांत टचस्क्रीनऐवजी डिजिटायझर असतो. तो बोटाला नव्हे, तर केवळ विशिष्ट पेनला प्रतिसाद देतो.

2. फुजित्सू सिरियल पडदा असल्यास 'इनपुटअटॅच' हा प्रोग्राम 'फुजित्सू' पर्यायासह चालवावा. कोणता पोर्ट हे ठाऊक नसल्यास एकेक सिरियल पोर्ट क्रमाने वापरून पाहावा आणि इनपुट उपकरणांच्या यादीत नवे नाव येते का, हे तपासावे. हा प्रोग्राम चालू असेपर्यंतच पडदा काम करतो. म्हणून संगणक सुरू होताना तो आपोआप चालेल, अशी व्यवस्था करावी.

3. शेवटी कॅलिब्रेशन करावे. पडदा दाबाची जागा सांगतो, चित्रातील जागा नव्हे. दोहोंची सांगड सहा अंकांच्या सारणीने घातली जाते. ती चुकीची असल्यास बोट एका वाफ्याच्या रकान्यावर ठेवले, तरी नोंद शेजारच्या रकान्यात होऊ शकते आणि अशी चूक पुढील विश्लेषणात सहज लक्षात येत नाही. त्यामुळे चारही कोपरे व मध्यभाग तपासल्याखेरीज प्रत्यक्ष नोंदी सुरू करू नयेत.

दक्षता
वरील तिन्ही टफबुकचे प्रोसेसर 32-बिट आहेत. डेबियन 13 मध्ये 32-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. डेबियन 12 मध्ये तो उपलब्ध आहे. लिनक्स स्थापित करण्यापूर्वी जुन्या नोंदींची प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवावी. रेझिस्टिव्ह पडदा दाबावर चालत असल्याने हातमोजे घालूनही वापरता येतो; मात्र टोकदार वस्तूने त्यावर ओरखडे पडतात. त्यासाठी बोथट टोकाचा स्टायलस वापरावा.