संशयाची कारागिरी

जुलै 1991 मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात एक शोधनिबंध आला आणि खगोलशास्त्राच्या जगात खळबळ उडाली. मँचेस्टरजवळच्या जॉड्रेल बँक वेधशाळेतले अँड्र्यू लाइन आणि त्यांचे सहकारी सांगत होते, की एका पल्सारभोवती ग्रह फिरतो आहे. पल्सार म्हणजे स्फोट होऊन संपलेल्या महाकाय ताऱ्याचा उरलेला, गरगरणारा गाभा. त्याच्या प्रत्येक फेरीला रेडिओलहरींचा एक ठोका आपल्यापर्यंत पोचतो. हे ठोके ठरावीक काळाने किंचित आधी आणि किंचित उशिरा येत होते. म्हणजे कुणीतरी त्या पल्सारला ओढत असणार. तो काळ होता सहा महिन्यांचा.

हा आकडा खटकण्यासारखाच होता. आपल्या वर्षाच्या बरोबर निम्मा! जानेवारी 1992 मध्ये अटलांटा इथल्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत लाइन या ग्रहाविषयी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, की ग्रह नाहीच. पल्सारची आकाशातली जागा त्यांनी किंचित चुकीची धरली होती आणि पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचा हिशेब पुरता केला नव्हता. दोन्ही चुका मिळून दर सहा महिन्यांनी एक खोटा हेलकावा तयार होत होता. त्यांना सापडला होता तो पृथ्वीच्याच फिरण्याचा उरलेला ठसा. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच सभेत अलेक्झांडर वोल्शचान यांनी दुसऱ्या एका पल्सारभोवतीचे ग्रह मांडले. ते मात्र आजतागायत टिकून आहेत.

पल्सारच्या ठोक्यांवर काम करणाऱ्यांना ही गोष्ट पाठ असते. कारण लाइन यांची जी वजाबाकी चुकली, तीच वजाबाकी कितीतरी पट बारकाईने करून 29 जून 2023 रोजी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, चीन आणि भारतातल्या गटांनी जाहीर केलं, की अवकाशात सगळीकडून येणाऱ्या, वर्षावर्षाच्या संथ हेलकाव्याच्या गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या तरंगांचा, पुरावा हाती येतो आहे. या कामातला भारताचा वाटा उभा राहिला पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळ, खोडदच्या माळावर.

2015 साली अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने पकडलेल्या लहरी सेकंदाच्या काही अंशात येऊन गेल्या होत्या. त्यासाठी चार किलोमीटर लांबीच्या नळ्या पुरेशा होत्या. इथे मात्र एका लहरीला जायला वर्षानुवर्षं लागतात. दोन आकाशगंगा एकमेकींत मिसळल्या, की त्यांच्या मध्यावरची, सूर्याच्या कोट्यवधी पट वजनाची कृष्णविवरं एकमेकांभोवती घिरट्या घालू लागतात. अशा असंख्य जोड्यांच्या लहरी मिळून जे तयार होतं, ते लग्नाच्या मांडवातल्या गलक्यासारखं असतं. कोण काय बोलतंय ते कळत नाही, पण गलका आहे हे कळतं. निदान सध्याचा सर्वांत पटणारा खुलासा तरी हाच आहे. एवढ्या लांब लहरींसाठी पृथ्वीवर यंत्र बांधणं अशक्य. म्हणून आपल्या आकाशगंगेत विखुरलेले पल्सारच घड्याळं म्हणून वापरायचे. 1982 मध्ये सेकंदाला सुमारे 642 वेळा फिरणारा पल्सार सापडला आणि अशी घड्याळं निसर्गात आहेत हे समजलं. मधून गुरुत्वीय लहर गेली, की ठोका सेकंदाच्या एक कोट्यंशाइतका पुढे-मागे होतो.

एवढासा फरक तर कशानेही पडू शकतो, आणि खरं काम तिथेच सुरू होतं. पहिला संशय स्वतःवर. पृथ्वी फिरते आहे, म्हणून सगळे ठोके सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर पोचले असते तर किती वाजले असते, असा हिशेब करतात. हे केंद्र सूर्याच्या मध्यावर नसतं. गुरू एवढा जड आहे, की त्याच्या ओढीने ते कधीकधी सूर्याच्या पृष्ठभागाच्याही बाहेर जातं. केंद्राची जागा शंभर मीटरने चुकली, तर प्रकाशाला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा तीस लाखावा भाग लागतो, म्हणजे जी खूण शोधायची तिच्याएवढाच गोंधळ होतो. 2018 मध्ये ‘नॅनोग्रॅव्ह’ या अमेरिकी-कॅनडियन गटाला असं दिसलं, की ग्रहांच्या स्थानांचं कोणतं कोष्टक वापरलं यावर त्यांचं उत्तर बदलतं आहे. गुरूची कक्षाच पुरेशी अचूक माहीत नव्हती! पुढे कोष्टकांतली ही उणीवच हिशेबात धरून त्यांनी हे केंद्र शंभर मीटरच्या आत आणून ठेवलं. आकाशगंगेएवढं यंत्र वापरणाऱ्यांचं घोडं शेवटी घरच्याच अंगणात अडलं होतं, हे मला यातलं सर्वांत गमतीचं वाटतं.

दुसरा संशय वाटेवर. ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते. तिथे सुटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यातून येताना रेडिओलहरी रेंगाळतात आणि कमी कंप्रतेच्या लहरी जास्त रेंगाळतात. 400 मेगाहर्ट्झवरचा उशीर 1400 मेगाहर्ट्झवरच्या उशिराच्या बारापट असतो. त्यात पल्सार आणि पृथ्वी दोन्ही सरकत असल्याने वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या आठवड्यागणिक बदलते. हा उशीर नीट मोजून वजा केला नाही, तर तो हुबेहूब गुरुत्वीय लहरीचं सोंग घेऊ शकतो.

खोडदची जीएमआरटी ही रेडिओदुर्बीण कामाला येते ती इथे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या; त्यांतल्या चौदा मध्यभागी एखाद किलोमीटरच्या परिसरात, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर सुमारे 25 किलोमीटरवर पसरलेल्या. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली तर खर्चही परवडणार नाही आणि वाराही सोसवणार नाही. या दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी तारांच्या दोरांवर पोलादी तारेची विरळ जाळी ताणून ती हलकी केली. वारा आरपार जातो, मीटरभर लांबीच्या रेडिओलहरी मात्र परावर्तित होतात. युरोपातल्या दुर्बिणींचा बराचसा भर वरच्या कंप्रतांवर असताना भारतीय गटाने, म्हणजे ‘इन्प्टा’ने, तबकड्यांचे दोन गट पाडून एक 300 ते 500 मेगाहर्ट्झवर आणि दुसरा 1260 ते 1460 वर, असा एकच पल्सार एकाच वेळी पाहिला. एका वेळची दोन मापं हाती असली, की वाटेतला उशीर अंदाजाने धरावा लागत नाही, मोजता येतो. जपानमधले संशोधकही या गटात आहेत. 2022 मध्ये इन्प्टाने चौदा पल्सारांची साडेतीन वर्षांची मापं खुली केली आणि पुढच्या वर्षीच्या युरोपीय गटाच्या निष्कर्षांत ती मिसळली गेली.

तिसरा संशय घड्याळावरच. एप्रिल 2021 मध्ये जे1713+0747 या अत्यंत भरवशाच्या पल्सारच्या ठोक्याचा आकार अचानक बदलला. ठोक्याची वेळ मोजायची ती त्याचा ठरावीक आकार पडताळून. आकारच बदलला तर वेळही चुकते. जीएमआरटीच्या दोन्ही पट्ट्यांत हा बदल दिसला, म्हणजे दोष यंत्राचा नव्हता.

आणि मग खाली माळावरचा गोंगाट. वीजवाहिनीवरची ठिणगी, मोबाइलचे मनोरे, गाड्यांची यंत्रं हे सगळं दुर्बिणीला ऐकू येतं, आणि पल्सारपेक्षा कितीतरी मोठ्याने. नव्या रूपातल्या जीएमआरटीत ठिणग्यांसारखे झटके वाहत्या आकड्यांतूनच ओळखून बाजूला काढणारी गाळणी बसवली आहे. पण गाळणीलाही मर्यादा असते. पुणे–नाशिक जलद रेल्वेमार्गाची आखणी याच दुर्बिणीपाशी येऊन अडली. ज्याला चाकणहून रोज घरी परतायचं आहे किंवा नारायणगावचा टोमॅटो लवकर पोचवायचा आहे, त्याने कृष्णविवरांसाठी थांबायचं का, हा प्रश्न खगोलशास्त्राचा नाही. पण खगोलशास्त्रज्ञांना तो टाळता येत नाही, आणि माझ्या मते त्यांनी तो टाळूही नये.

सगळी वजाबाकी झाल्यावर जे उरतं ते गुरुत्वीय लहरीच कशावरून? याची कसोटी रॉनल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी 1983 मध्येच लिहून ठेवली होती. पृथ्वीवरचं घड्याळ चुकलं, तर सगळे पल्सार एकदम सारखेच चुकतील. गुरुत्वीय लहरी असतील, तर आकाशात जवळजवळ असलेले दोन पल्सार एकत्र पुढे-मागे होतील, साधारण काटकोनात असलेले उलटसुलट होतील आणि अगदी समोरासमोरचे पुन्हा थोडेसे एकत्र. हा आराखडा दुसऱ्या कशानेही सहज तयार होत नाही. नॅनोग्रॅव्हने पंधरा वर्षांत 67 पल्सार पाहिले, म्हणजे 2211 जोड्या.

आता संगणकाची करामत बघा. आकाशातल्या लहरी बंद करून तुलना करता येत नाही. म्हणून संशोधकांनी आकाशच खोटं केलं. पल्सारांच्या जागा संगणकात मनमानी अदलाबदल करायच्या आणि त्या भलत्या नकाशावरही तोच आराखडा दिसतो का ते पाहायचं; मग पुन्हा नवी अदलाबदल, हजारो वेळा. जो आराखडा खोट्या आकाशातही वारंवार उमटेल तो बाद. खऱ्या आकाशातल्याइतका ठळक आराखडा फार क्वचित उमटला. कोणती पद्धत धरली यावर तो योगायोग हजारात एकदा ते वीस हजारांत एकदा असा निघाला. असा निकाल लॉटरीवाल्याला पुरला असता, भौतिकशास्त्रज्ञांना पुरत नाही. 2023 मध्ये कुठल्याही गटाने ‘शोध लागला’ असं म्हटलं नाही. किंबहुना दावा करण्याआधी काय काय तपासलं पाहिजे याची यादी निकाल जाहीर होण्याआधीच एप्रिलमध्ये प्रसिद्ध करून ठेवली होती.

ही सावधगिरी कुठून आली, हे समजायला एका समाजशास्त्रज्ञाकडे जावं लागतं. कार्डिफचे हॅरी कॉलिन्स 1970च्या दशकापासून गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्यांच्या मागावर राहिले. एखादा मानववंशशास्त्रज्ञ पाड्यावर राहावा तसे. सुरुवात झाली मेरीलँडच्या जोसेफ वेबर यांच्यापासून. टांगलेले ॲल्युमिनिअमचे अजस्र भरीव दंडगोल गुरुत्वीय लहरींनी थरथरले असा दावा वेबर यांनी 1969 मध्ये केला. इतरांना काही दिसेना. रॉचेस्टरच्या उपकरणाशी आपल्या नोंदी एकाच क्षणी जुळतात असं वेबर यांनी सांगितलं आणि नंतर कळलं, की दोन ठिकाणच्या नोंदींची वेळ वेगवेगळी धरलेली असून त्यांत चार तासांचं अंतर आहे. तरी वेबर शेवटपर्यंत ठाम राहिले. कॉलिन्स यांनी यातून एक पेच मांडला: यंत्र चांगलं आहे की नाही हे लहरी सापडल्या तरच कळणार, आणि लहरी आहेत की नाहीत हे यंत्र चांगलं असेल तरच कळणार. हा गुंता आकडे सोडवत नाहीत. कुणावर विश्वास ठेवायचा हे शास्त्रज्ञांच्या समाजाला एकमेकांत ठरवावं लागतं.

अनेक भौतिकशास्त्रज्ञांना हे ऐकून राग येतो. पण कॉलिन्स उपरे राहिले नव्हते. एका चाचणीत ते आणि एक खरा भौतिकशास्त्रज्ञ अशा दोघांनी गुरुत्वीय लहरींवरच्या प्रश्नांची उत्तरं दिली. नाव न सांगता ती नऊ तज्ज्ञांना दाखवली. सात जणांना फरक सांगता आला नाही आणि दोघांनी कॉलिन्स यांनाच खरा भौतिकशास्त्रज्ञ ठरवलं.

आणि लायगोच्या मंडळींनी तर तो पेच मान्य करून त्यावर तोडगाच बांधला. सप्टेंबर 2010 मध्ये त्यांच्या यंत्रांत एक ठळक लहर दिसली. काही मोजक्या लोकांनी ती मुद्दाम घातलेली असू शकते, हे सगळ्यांना माहीत होतं. घातली आहे की नाही, हे बाकी कुणालाच नाही. शेकडो जणांनी सहा महिने खपून संपूर्ण शोधनिबंध लिहून काढला. मार्च 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सभेत लिफाफा उघडला. लहर खोटी निघाली. निबंध फडताळात गेला, पण यंत्र आणि माणसं दोन्ही पारखून निघाली. साडेचार वर्षांनी खरी लहर आली, तेव्हा ही सगळी पद्धत हाताशी तयार होती. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाला एप्रिल 2023 मध्ये मंत्रिमंडळाने 2600 कोटी रुपये मंजूर केले. तिथे पुढे काम करणाऱ्या तरुणांच्या वाट्यालाही हीच शिस्त येईल.

पल्सारवाल्यांना अशी सहज फसवणूक करता येत नाही, कारण त्यांची लहर सहा महिन्यांत नाही, दशकांत मोजायची असते. म्हणून त्यांचा मार्ग वेगळा: सगळ्यांची मापं एकत्र करायची. 2024च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने 83 पल्सारांची साडेचार वर्षांची मापं मांडली. त्यांतही तोच आराखडा उमटतो, पण त्याची ताकद गोंगाटाचा हिशेब कसा मांडला यावर बदलते. भारतीय गटाने 2025 मध्ये आपला दुसरा संच पुढे ठेवला, 27 पल्सारांचा आणि सुमारे सात वर्षांचा. आंतरराष्ट्रीय गटाच्या एकत्रित हिशेबात 300 ते 500 मेगाहर्ट्झचा खोडदचा रकाना महत्त्वाचा ठरेल, कारण वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं सोंग सर्वांत आधी तिथेच उघडं पडतं.